कपाळावरचे दोन आकडे

हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देणाऱ्या डॉक्टरला आकड्यांच्या सोबतीची सवय असते. नाडी, रक्तदाब, बोटावरचं सॅच्युरेशन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, नाकातलं तापमान. हे सगळे एकमेकांची साक्ष देतात आणि त्यातला एखादा खोटं बोलू लागला तर बाकीचे त्याला पकडून देतात. महाधमनीच्या कमानीच्या ऑपरेशनमध्ये मात्र एक टप्पा असा येतो की यातले बहुतेक आकडे नाहीसे होतात. शरीर थंड केलेलं असतं, हृदय थांबवलेलं असतं, धडाला रक्त जात नसतं आणि मेंदूला तेवढं एका बाजूच्या नळीतून रक्त दिलेलं असतं. ते मेंदूत खरोखर पोचतंय का, दोन्ही बाजूंना पोचतंय का, हे विचारायचं कुणाला? माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने ऊतींमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राला. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला सगळे 'निर्स' म्हणतात. अशा एका ऑपरेशनमध्ये मी ते कसं लावलं, कुठे त्याच्या सांगण्यावरून पाऊल उचललं आणि कुठे त्याच्याकडे बघूनही थांबले, ते लिहिते आहे.

रुग्ण पन्नाशीचे. कमान फुगलेली, ती कापून तिथे कृत्रिम नळी बसवायची होती. आदल्या संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेले. छाती उघडणार, हृदय थांबवणार, शरीर थंड करणार, हे त्यांनी न बोलता ऐकून घेतलं. कपाळाला दोन पट्ट्या चिकटवणार म्हटल्यावर मात्र विचारलं, "त्यातून मेंदूत काय सोडता?"

"उजेड," मी म्हटलं. त्यांच्याच मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट ठेवायला सांगितलं. बोटाचं पेर लालभडक उजळलं. पांढऱ्या उजेडातला निळा आणि हिरवा भाग रक्ताने गिळला, लाल तेवढा पार झाला. त्या लालच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश आणखी खोल जातो. त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण बोटात आणि कपाळात फरक आहे ना डॉक्टर? मध्ये कवटी आहे." प्रश्न अगदी रास्त होता. हाडातून हा प्रकाश जातो, ही गोष्ट डॉक्टरांनाही फार आधीपासून ठाऊक नव्हती. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये मांजराच्या अखंड डोक्यातून असा प्रकाश पार करून दाखवला आणि त्यावरून आतल्या ऑक्सिजनचे बदल टिपता येतात हे मांडलं. तिथून ही सगळी वाट सुरू झाली.

हे नेमकं कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शरीर प्रकाशाला बऱ्यापैकी वाट देतं. त्याच्या अलीकडे हिमोग्लोबिन प्रकाश अडवतं, पलीकडे पाणी. या पट्ट्याच्या आत ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळा प्रकाश शोषतात. ७६० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजन सोडलेलं जास्त शोषतं, ८०० च्या जवळ दोघं सारखी होतात आणि त्यापुढे ऑक्सिजनवालं वरचढ होतं. निदान दोन तरंगलांबींचा प्रकाश आत सोडला आणि परत किती आला हे मोजलं, की त्या दोघांचं प्रमाण काढता येतं.

परत आलेला प्रकाश सरळ रेषेत आलेला नसतो. ऊतींमध्ये तो ठेचकाळत, पसरत जातो आणि जो थोडासा पुन्हा त्वचेपाशी पोचतो त्याचा मार्ग केळ्यासारखा वाकडा असतो. प्रकाश सोडणारा दिवा आणि टिपणारा डोळा यांच्यात जितकं अंतर, त्याच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या खोलीपर्यंतची ही वाट. म्हणून सेन्सरमध्ये दोन डोळे असतात, उदाहरणार्थ एक तीन आणि दुसरा चार सेंटिमीटरवर. जवळचा प्रामुख्याने त्वचा आणि कवटी बघतो, लांबचा त्याहून खोल, मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत बघतो. यंत्र दोघांच्या हिशेबातून वरवरचा भाग वजा करायचा प्रयत्न करतं. 'प्रयत्न' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. त्याचं कारण पुढे येईल.

सकाळी रुग्ण थिएटरमध्ये आले तेव्हा माझं पहिलं काम त्या पट्ट्यांचं होतं. कपाळावर जागेची टंचाई असते. भुलेची खोली मोजणारी बिसची पट्टी तिथेच लागते आणि निर्सच्या दोन पट्ट्याही तिथेच. भुवयांच्या वर, केसांच्या खाली, आणि मधोमध अजिबात नाही. मध्यरेषेखाली मेंदूची मोठी शीर जाते, तिथे लावलं तर तिचंच रक्त मोजलं जाईल. आधी स्पिरिटने पुसून घेतलं, ते पूर्ण वाळू दिलं, मग कोरड्या गॉजने पुन्हा पुसलं. तेलकट त्वचेवर पट्टी सुरुवातीला चिकटते आणि अडीच तासांनी, नेमकी नको तेव्हा, सुटते. पट्टी मधून कडांकडे दाबत न्यायची. कडेला फट राहिली तर थिएटरमधला उजेड आत शिरतो आणि यंत्राला तो मेंदूतून आलेला वाटतो. वरून न भिजणारी पारदर्शक फिल्म लावली, कारण पुढे डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या येणार होत्या आणि त्यांचं पाणी सगळीकडे झिरपतं. कपाळावर थेट बर्फ ठेवायचा नाही, हेही सगळ्यांना सांगून ठेवलं. गारठलेली त्वचा रक्त मागे ढकलते, मग आकडा त्वचेचा की मेंदूचा हा घोळ वाढतो.

रुग्ण जागे असताना, ऑक्सिजनचा मास्क लावायच्या आधी, डावीकडे ६४ आणि उजवीकडे ६६ दिसलं. हे आकडे मी फळ्यावर लिहून घेतले. शिकाऊ डॉक्टर माझ्याबरोबर होता. बोटावर ९८ असताना इथे ६५ पाहून त्याचा चेहरा थोडा उतरला. बोटावरचं यंत्र नाडीबरोबर येणारं धमनीतलं रक्त तेवढं वेगळं काढतं. निर्सला नाडीची गरजच नसते. ते वाटेत येणारं सगळं रक्त एकत्र मोजतं आणि मेंदूच्या त्या कोपऱ्यात बहुतांश रक्त शिरांमधलं असतं. यंत्रं साधारण एक चतुर्थांश धमनीचं आणि तीन चतुर्थांश शिरेचं रक्त, असं गृहीत धरून बेतलेली असतात. त्यामुळे ६० ते ८० हा आकडा निरोगी माणसातही नेहमीचा. मेंदूने ऑक्सिजन घेऊन उरलेलं किती, याचा तो अंदाज आहे. पुरवठा घटला किंवा मागणी वाढली, दोन्हींत तो खाली येतो. नाडी लागत नाही म्हणूनच हे यंत्र हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या पंपावर, हृदय थांबलेलं असताना, चालतं.

जागेपणीचा तो पहिला आकडा मी फार जपते. ऑक्सिजन दिल्यावर आकडे ७१ आणि ७२ झाले. कुणी त्यालाच पाया धरतात, तेही चालतं, पण मग ऑपरेशनभर तोच धरायचा आणि नोंदीत तसं लिहायचं. माझा पाया ६५. पायापासून २० टक्के घसरण म्हणजे धोक्याची खूण, असं बहुतेक ठिकाणी मानतात, आणि ५० च्या खाली गेलं तर पाया काहीही असो, हालचाल करायची. इथे एक गफलत वारंवार होते. ६५ च्या २० टक्के म्हणजे १३, तेव्हा रेघ ५२ वर. वीस अंक वजा करून ४५ वर रेघ मारली तर आपण फार उशिरा जागे होऊ. शिकाऊ डॉक्टरकडून मी ही वजाबाकी फळ्यावर करवून घेतली.

भूल दिल्यावर रक्तदाब जरा उतरला, तरी आकडा टिकून राहिला. झोपलेला मेंदू कमी खातो. नळी टाकून व्हेंटिलेटर सुरू झाला आणि काही मिनिटांत दोन्हीकडचे आकडे हळूहळू उतरू लागले. ७१, ६८, ६५, ६२. बोटावर १००, सरासरी रक्तदाब ७८. "मॅडम, ऑक्सिजन वाढवू?" शिकाऊ डॉक्टरने विचारलं, हात नॉबवर गेलाच होता. मी त्याला आधी एवढंच बघायला सांगितलं की घसरण एका बाजूला आहे की दोन्ही. एका बाजूला असेल तर कारण जवळपास शोधायचं: मान वळली का, पट्टी सुटली का, त्या बाजूची रक्तवाहिनी दाबली गेली का. दोन्हीकडे सारखी असेल तर कारण सगळ्या शरीराचं असतं: रक्तदाब, कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन, ऑक्सिजन, भुलेची खोली, हृदयाचा जोर. ही यादी क्रमाने उतरायची. त्याची नजर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर गेली. २९. आम्ही श्वास जास्त देत होतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड धुतला जात होता आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसत होत्या. कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने हलला की मेंदूचा रक्तप्रवाह साधारण तीन-चार टक्क्यांनी हलतो. मिनिटाला १४ श्वास होते ते १० केले. कार्बन डायऑक्साइड ३७ वर आला आणि कपाळावर ६९ आणि ७० परतले. ऑक्सिजन वाढवला असता तर आकडा वर आलाच असता, कारण मात्र तिथेच राहिलं असतं. माझ्या दृष्टीने निर्सचं खरं शिक्षण या दहा मिनिटांत होतं.

छाती उघडताना रक्तदाब पडला तेव्हा मी फेनिलेफ्रिनचा छोटा डोस दिला. रक्तदाब छान वर आला आणि निर्स दोन-तीन अंकांनी खाली. हे नेहमी दिसतं आणि त्यावर अजून वाद आहे. औषधाने कपाळाच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि यंत्र ती त्वचा पूर्णपणे वजा करू शकत नाही, हे त्यातलं एक उत्तर. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या डोक्याभोवती हवेची पट्टी फुगवून डोक्याच्या त्वचेचा रक्तपुरवठा तेवढा अडवला होता. मेंदूचं काहीच बिघडलेलं नव्हतं, तरी तीन वेगवेगळ्या बनावटींच्या यंत्रांचे आकडे सरासरी सुमारे ७ ते १७ टक्क्यांनी घसरले. त्याहून अस्वस्थ करणारा प्रकार १९९६ मधला: मृत व्यक्तींच्या कपाळावर लावलेल्या यंत्राने आकडे दाखवले, आणि त्यातले काही जिवंत माणसाच्या टप्प्यातले होते. जो मेंदू ऑक्सिजन वापरतच नाही, त्याच्यातल्या रक्तात ऑक्सिजन उरलेला असू शकतो. त्वचेचा गडद रंग काही यंत्रांचा आकडा खाली ओढतो, मोठी कावीळ तर त्याला पार तळाशी नेऊ शकते. म्हणून दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही आणि एकाच माणसावर मध्येच दुसऱ्या कंपनीचं यंत्र लावायचं नाही. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या सकाळशी. या वेळी ते दोन-तीन अंक मी नोंदले आणि काहीही केलं नाही.

उजव्या काखेतल्या धमनीला जोडलेल्या नळीतून पंप सुरू झाला. पंपातल्या द्रवाने रक्त पातळ होतं, हिमोग्लोबिन १२ वरून ८.५ वर आलं आणि दोन्ही आकडे साठीच्या सुरुवातीला येऊन थांबले. मग थंड करणं सुरू झालं. तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते, आणि ते कपाळावर समोर दिसतं. ३४ अंशांना ६६, ३० ला ७१, २६ अंशांवर डावीकडे ७४ आणि उजवीकडे ७५. हा भाग बघायला मला आजही आवडतो. पुस्तकात वाचलेलं शरीरविज्ञान डोळ्यांसमोर पायऱ्या चढत असतं. बोटावरच्या सॅच्युरेशनची लाट केव्हाच सपाट झाली होती.

मग तो टप्पा आला. धडाचा रक्तपुरवठा थांबवला, कमानीतून डोक्याकडे जाणाऱ्या पहिल्या फांदीला मुळाशी चिमटा लावला आणि काखेतल्या त्याच नळीतून मेंदूला मिनिटाला किलोमागे १० मिलिलिटर रक्त जाऊ लागलं. हे रक्त उजव्या बाजूने वर चढतं. डाव्या बाजूला जाण्यासाठी त्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळातून, विलिसच्या वर्तुळातून, पलीकडे यावं लागतं. पुष्कळ लोकांमध्ये हे वर्तुळ कुठे ना कुठे बारीक किंवा तुटलेलं असतं आणि आयुष्यभर त्याचं काही अडत नाही, कारण एरवी दोन्ही बाजूंना आपापला पुरवठा असतो. मग सुरुवातीपासून दोन्ही बाजूंना नळ्या का घालत नाहीत? डाव्या मानेच्या धमनीत नळी घालायची म्हणजे तिच्या भिंतीला हात लावणं आलं, भिंतीवर साचलेला चुरा सुटून मेंदूत जाण्याची भीती आली, शिवाय सर्जनच्या हातासमोर आणखी एक नळी आली. म्हणून आमच्याकडे एका बाजूने सुरू करतात आणि दुसरी नळी टेबलावर तयार ठेवतात. हा निर्णय फिरवायचा की नाही, हे ठरवायला निर्स.

उजवीकडचा आकडा ७० च्या आसपास स्थिरावला. डावीकडचा थांबेना. ६८. ६३.

"डावीकडे ५८," मी म्हणाले.

सर्जननी मान वर न करता विचारलं, "उजवीकडे?"

"७०. तिथेच आहे."

"डोकं?"

मी कपड्यांच्या खालून हात घातला. मान सरळ होती, डावीकडच्या मानेवर कशाचाही दाब नव्हता. बोटाने पट्टीच्या चारही कडा चाचपल्या, कुठेही सुटलेली नव्हती आणि कोरडी होती. मॉनिटरवर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण होत्या. "डोकं सरळ आहे सर, सेन्सर घट्ट आहे. आकडा खरा वाटतोय."

परफ्युजनिस्टला, म्हणजे पंप चालवणाऱ्याला, प्रवाह वाढवायला सांगितलं. "दहाचा बारा केला, मॅडम. प्रेशर ५२ वरून ६१." उजवीकडे ७० चे ७३ झाले. डावीकडे ५६, मग ५४. माझ्यासाठी शंका इथे संपली. दोन्ही वाढले असते तर सगळा मेंदूच थोडा उपाशी होता असं म्हटलं असतं आणि प्रवाह तसाच ठेवला असता. दिलेलं जास्तीचं रक्त उजवीकडेच मुरत होतं, पलीकडे जायला रस्ता नव्हता. सर्जननी डाव्या मानेच्या धमनीच्या उघड्या तोंडात पाहिलं. वर्तुळ चांगलं असेल तर तिथून उलटं, लालबुंद रक्त उसळत येतं. "इथून परतीचं रक्त जेमतेम येतंय," ते म्हणाले, "आणि काळपट आहे. डावी नळी द्या."

नळीतली हवा काढली, टोकाचा फुगा धमनीत बसवला, परफ्युजनिस्टने दुसरी वाट उघडली. तोवर डावीकडे ४९ झालं होतं. काही सेकंद तिथेच राहिलं. मग ५१, ५७, ६३, आणि दोन मिनिटांच्या आत ६६. कुणी काही बोललं नाही, सर्जन टाक्यांकडे वळले. मी वेळ आणि आकडे नोंदवहीत लिहिले आणि त्यापुढे काय केलं तेही लिहिलं. नुसत्या आकड्यांची नोंद नंतर कुणालाच काही सांगत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ६६ आणि ७० दिसत होते म्हणजे सगळा मेंदू सुखरूप होता, असा अर्थ होत नाही. दोन्ही पट्ट्या कपाळाखालचा, दोनेक सेंटिमीटर खोलीचा पुढचा भाग तेवढा बघतात. मागचा मेंदू, लहान मेंदू, मेंदूचं देठ यांच्याबद्दल त्या एक अक्षरही सांगत नाहीत. मागे कुठे बारीकशी गुठळी जाऊन अडकली तर कपाळावर काहीही हलणार नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना 'मेंदूवर यंत्राचं लक्ष आहे' असं सांगणारे भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं. मी 'मेंदूच्या पुढच्या भागावर' म्हणते.

रक्तपुरवठा पूर्ववत झाला आणि शरीर गरम करायला सुरुवात झाली. हा काळ लोकांना सुटकेचा वाटतो, मला तो जोखमीचा वाटतो. मेंदूची भूक तापमानाबरोबर वाढते आणि रक्त अजून पातळच असतं. ३४ अंशांच्या पुढे दोन्ही आकडे सारखेच उतरू लागले, ५६ पर्यंत. दोन्हीकडे सारखी घसरण, म्हणजे पुन्हा तीच यादी. रक्तदाब ठीक, कार्बन डायऑक्साइड ठीक, हिमोग्लोबिन ७.४. या वेळी यादी शिकाऊ डॉक्टरने स्वतः उतरून सांगितली. रक्ताची पिशवी दिली, गरम करण्याचा वेग कमी केला, पंपातून येणारं रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही हे पुन्हा बजावलं. आकडे ६२ आणि ६३ वर आले.

त्या निवांत वेळात त्याने मला विचारलं, "मॅडम, याने रुग्ण वाचतात हे सिद्ध झालंय का?" मला असे प्रश्न विचारणारी मुलं आवडतात. मी त्याला नवजात बाळांच्या विभागातली कहाणी सांगितली. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर पहिले ७२ तास निर्स लावून, आकडा ५५ ते ८५ मध्ये राखण्यासाठी उपचार बदलत गेलं तर काय होतं, हे 'सेफबूस्क' या अभ्यासमालेत पाहिलं गेलं. २०१५ मध्ये १६६ बाळांचे निकाल आले. हद्दीबाहेर राहण्याचा एकूण भार निम्म्याहून कमी झाला होता, सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग मोठा अभ्यास झाला, १६०१ बाळांचा, त्याचे निकाल २०२३ मध्ये आले. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा निर्स लावलेल्या गटात ३५.२ टक्के, नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ३४ टक्के. फरक नाही. आकडा सुधारला म्हणून बाळ सुधारलं असं झालं नाही. मोठ्यांच्या बायपासमध्ये २००७ सालच्या २०० रुग्णांच्या अभ्यासात निर्सच्या आधाराने उपचार केलेल्या गटात मोठ्या अवयवांच्या गुंतागुंती कमी दिसल्या होत्या, पण त्या एकाच अभ्यासावर घर बांधता येत नाही.

"मग आपण का लावतो?" तो म्हणाला. मला जे मनापासून वाटतं ते मी सांगितलं. बाळाच्या बाबतीत आकडा घसरण्याची कारणं अनेक असतात, आणि प्रत्येकावरचा उपाय स्वतःची जोखीम घेऊन येतो. आज आपल्याला एकच, नेमका प्रश्न होता: डाव्या बाजूला रक्त पोचतंय का? त्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी द्यायला दुसरं फारसं काही नव्हतं आणि उपाय टेबलावर तयार होता. जिथे प्रश्न असा नेमका असतो तिथे मी या यंत्राशिवाय उभी राहणार नाही. जिथे नुसतं 'काहीतरी कमी आहे' एवढंच कळतं, तिथे मी त्याला एक साक्षीदार मानते आणि बाकीच्यांचं ऐकेपर्यंत थांबते.

अतिदक्षता विभागात रुग्णाला सोपवताना मी पट्ट्या काढल्या नाहीत. सिस्टरने लगेच विचारलं, "किती खाली गेला की तुम्हाला फोन करू?" मी तिला कागदावर लिहून दिलं: पाया ६५, कुठल्याही बाजूला ५२ च्या खाली दोन मिनिटांपेक्षा जास्त राहिला तर. त्याखाली क्रम लिहिला. एक बाजू असेल तर आधी पट्टी आणि मान. दोन्ही असतील तर रक्तदाब, श्वास, हिमोग्लोबिन, ताप. ताप मुद्दाम लिहिला, कारण थरथर आणि ताप मेंदूची मागणी वाढवतात आणि रात्री तिकडे लक्ष जायला उशीर होतो.

रात्री तिचा फोन आला. उजवीकडे अचानक ३८ दिसलं होतं, डावीकडे ६३. ती घाईने म्हणाली नाही की रुग्ण बिघडलाय. म्हणाली, "डॉक्टर, एकाच बाजूला पडलाय आणि एकदम पडलाय. बाहुल्या सारख्या आहेत. पट्टीची वरची कड घामाने उचलली गेली होती. पुसून नवीन लावली, आता ६१ आहे. तुम्हाला कळवून ठेवते." मेंदूतला आकडा सहसा असा एका क्षणात वीस अंकांनी कोसळत नाही. तो उतरत जातो. हे तिने कुणी न सांगता ताडलं होतं. रात्रभर शांत चाललेल्या त्या खाटेपाशी मला दुसरं काही नको होतं.

सकाळी भूल ओसरली. त्यांनी डोळे उघडले, सांगितल्यावर दोन्ही हातांनी माझी बोटं दाबली, दोन्ही पायांचे अंगठे हलवले. याचं श्रेय मी निर्सला देत नाही, तसं देण्याइतका पुरावा एका माणसात नसतो. दुपारी पट्ट्या काढल्या, खालची त्वचा नीट पाहिली. पातळ त्वचेच्या रुग्णांना आणि बाळांना या चिकट पट्ट्यांनी सालटं निघतात, म्हणून पाण्याने ओलं करून सावकाश काढायच्या. इथे फक्त फिकट चौकोन उमटला होता.

घरी जाण्याच्या दिवशी त्यांचा मोठा मुलगा कागदपत्रं घ्यायला आला होता. आलेखाचा छापील कागद मी त्याच्यासमोर ठेवला आणि डावीकडची ती घसरण आणि चढण बोटाने दाखवली. त्याने विचारलं, "हे आता कशाला जपून ठेवायचं?" मी त्याला समजावलं की वडिलांच्या मेंदूतलं जोडवर्तुळ बहुधा अपुरं आहे. एरवी त्याने काही होत नाही. पण पुढे कधी मानेच्या धमनीचं किंवा पुन्हा महाधमनीचं काम निघालं, तर तिथल्या डॉक्टरांना हे आधी कळायला हवं. डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत मी लिहिलं: 'उजवीकडून एकतर्फी रक्तपुरवठा देताना डाव्या बाजूचं निर्स ७४ वरून ४९ पर्यंत घसरलं, डाव्या मानेच्या धमनीत स्वतंत्र नळी घातल्यावर पूर्ववत. पुढील कोणत्याही शस्त्रक्रियेआधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ करावा.'